गाणं एक, भाऊ दोन

नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती एक, मुक्काम दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथंच भरते. देव एका गावाहून दुसऱ्या गावाला निघायचा असला की दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. शेजारची गावं, रोजचं येणंजाणं, देव एकच, आणि तरीही कागद. या कागदामुळं कुणाची भक्ती कमी ठरत नाही. उलट कागद आहे म्हणून वर्षानुवर्षं देव निर्वेध जातो-येतो.

ही गोष्ट इथं काढली ती गाणी करणाऱ्या भावंडांसाठी. आपल्याकडे बँड म्हटलं की पूर्वी वरातीतला बँड डोळ्यापुढं यायचा. आता लहान गावांतली पोरंपोरीही गिटार, कीबोर्ड, काहोन घेऊन स्वतःची गाणी करतात, सोलापूर किंवा पुण्याच्या स्टुडिओत जाऊन ती ध्वनिमुद्रित करतात आणि मोबाइलवरून जगभर सोडतात. या बँडमध्ये पुष्कळदा सख्खी भावंडं असतात, कारण सराव घरातच होतो आणि वाद्य घरात एकच असतं. शेतीच्या वाटणीत बांधावरून भांडणारी माणसं आपण पाहिली आहेत. गाण्याच्या बांधावरून भांडणारी भावंडं मात्र अजून आपल्याला नवी आहेत, त्यामुळं त्या भांडणात काय करायचं हे घरातल्या थोरांनाही सांगता येत नाही.

समजा, नळदुर्गात एक घर आहे. जुनं माळवदाचं. रात्री जेवणं झाल्यावर तिघं भावंडं माळवदावर बसली आहेत. थोरल्याच्या हातात गिटार. धाकट्याच्या डोक्यात दोन ओळी आहेत, त्या तो गुणगुणतो. थोरला म्हणतो, ही ओळ अशी सपाट नको, आणि दोन स्वर बदलतो. बहीण खाली चालली होती, ती जिन्यात थांबते आणि तीच ओळ शेवटी वर नेऊन म्हणून दाखवते. तिघंही गप्प होतात, कारण गाणं आत्ता सापडलंय हे तिघांनाही कळतं. चुलतभाऊ डब्यावर ठेका धरतो, तो त्यानं तुळजापूरच्या आराध्यांच्या संबळावरून उचललेला असतो. तासाभरात गाणं उभं राहतं. कुणीतरी मोबाइलवर ते टिपून घेतं आणि सगळी झोपायला जातात.

तीन महिन्यांनी गाणं स्टुडिओत होतं. ते मोबाइलवरच्या संगीत-सेवांवर चढवताना एक फॉर्म येतो. त्यात रकाने असतात: गायक, गीतकार, संगीतकार. लॅपटॉप थोरल्याचा. रात्रीचे बारा वाजलेले. गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत तो आपलं एकट्याचं नाव टाकतो. चोरी करायची म्हणून टाकत नाही. झोप आलेली असते, आणि नंतर बदलू असं वाटतं म्हणून टाकतो. पुढं गाणं लोकांना आवडतं. लग्नात, गणपतीत, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाजायला लागतं. मग एक दिवस धाकट्याचा मित्र विचारतो, “अरे, गाणं दादाचं आहे ना?”

भावंडांमधले श्रेयाचे वाद बहुतेक असेच सुरू होतात, घाईत भरलेल्या एका रकान्यापासून. रकाना दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मागायला धाकट्याला पाच वर्षं लागतात, कारण घरात दादाला असं विचारायची रीत नसते.

कायद्याच्या नजरेतून गाणं

पहिली समजून घ्यायची गोष्ट अशी की, ज्याला आपण एक गाणं म्हणतो त्यात कायद्याला निदान तीन वेगळ्या वस्तू दिसतात. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि स्टुडिओत तयार झालेलं ध्वनिमुद्रण ही तिसरी वस्तू. संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम बाजूला ठेवलेले आहेत. म्हणजे शब्द धाकट्याचे आणि चाल थोरल्याची असेल, तर प्रत्येकजण आपापल्या कृतीचा कर्ता. दोघांनी एकमेकांच्या कृतीत वाटा मागायचं कारण नाही. आणि दोन्ही रकान्यांत एकाचंच नाव पडायचं कारण तर त्याहून नाही.

गुंतागुंत होते ती चाल दोघातिघांनी मिळून केली असेल तेव्हा. ज्या कृतीत प्रत्येकाचा भाग वेगळा काढून दाखवता येत नाही, तिला कायदा संयुक्त कृती मानतो. माळवदावरची ती ओळ आठवा. धाकट्याचे मूळ स्वर, थोरल्यानं केलेला बदल, बहिणीनं वर नेलेला शेवट, हे आता एकमेकांत इतकं मिसळलंय की कात्री कुठं लावायची हे कुणालाच सांगता येणार नाही. अशा चालीचे कर्ते तिघं. मौलाना आझादांच्या आत्मकथनाबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं १९८९ साली असाच विचार केला होता. मौलाना उर्दूत सांगत होते, हुमायून कबीर ते इंग्रजीत लिहीत होते आणि लिहिलेलं मौलाना तपासत होते. दोघांचं जवळून चाललेलं काम बघून न्यायालयानं ते पुस्तक संयुक्त कृती मानलं. गाणी मिळून करणाऱ्या भावंडांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

संयुक्त मालकीचं जोखडही संयुक्त असतं. सहमालकानं दुसऱ्याच्या संमतीवाचून परस्पर परवाना देऊ नये, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २००८ सालचा निकाल आहे. एखाद्या जाहिरातवाल्यानं दादाला गाठून ‘हे गाणं आम्हाला द्या’ म्हटलं, तर दादानं एकट्यानं हो म्हणून चालत नाही.

आता घरात हमखास ऐकू येणारी वाक्यं घेऊ. “गिटार मी घेऊन दिली.” “तुला कॉर्ड मी शिकवले.” “विषय मीच सुचवला होता.” ही तिन्ही वाक्यं खरी असू शकतात, पण त्यांतल्या एकानंही कर्तेपण मिळत नाही. कल्पनेवर प्रताधिकार नसतो, ती कल्पना ज्या रूपात उतरली त्या रूपावर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात हे स्वच्छ सांगून ठेवलंय. गिटार घेऊन देणाऱ्या भावाचे उपकार मानावेत, जन्मभर मानावेत. पण उपकाराची परतफेड म्हणून गीतकाराच्या रकान्यात त्याचं नाव लिहू नये. त्यानं उपकारही नासतो आणि नोंदही खोटी होते.

पैसे घालणाऱ्याला हक्क मिळू शकतो तो वेगळ्या जागी. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते काम घडवून आणण्यात पुढाकार व जबाबदारी घेणारा. स्टुडिओ ठरवला, वादक बोलावले, बिल भरलं आणि हे सगळं अंगावर घेतलं थोरल्यानं किंवा वडिलांनी, तर ध्वनिमुद्रण त्यांचं होऊ शकतं. शब्द आणि चाल मात्र ज्याची त्याचीच राहते. माझ्या मते घरातली निम्मी भांडणं एवढी एक गोष्ट कळली तरी शांत होतील. ‘रेकॉर्डिंग माझं’ आणि ‘गाणं माझं’ या दोन वाक्यांत फरक आहे, हे थोरल्यानंही समजून घ्यावं आणि धाकट्यानंही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून जो हक्क असतो तो या सगळ्यांहून निराळा, आणि तो ५० वर्षं टिकतो.

वाजवलं कुणी आणि रचलं कुणी

रॉक बँडमध्ये एक अवघड जागा नेहमी येते. गाणं एकानं रचलं. पण लोकांच्या कानात बसलेला जो तुकडा आहे, गिटारचा किंवा ऑर्गनचा, तो दुसऱ्यानं काढला. मग गाणं कुणाचं?

लंडनच्या किंक्स या बँडमध्ये रे आणि डेव्ह डेव्हिस हे दोन सख्खे भाऊ होते. १९६४ साली त्यांचं जे गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात गिटारचा एक फाटका, गुरगुरणारा आवाज आहे. सतरा वर्षांच्या डेव्हनं आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्यानं चिरला आणि तो आवाज काढला. पुढं जगभरच्या रॉकवाल्यांनी तसा आवाज काढायची धडपड केली. गाण्यावर कर्ता म्हणून नाव आहे एकट्या रेचं. दोघांचा बेबनाव पुढं इतका जगजाहीर झाला की तो बँडच्या गाण्यांइतकाच प्रसिद्ध आहे. नोंद म्हणून बघाल तर एकट्या रेचं नाव चूक म्हणता येणार नाही. शब्द-चाल रेची होती. पण त्या आवाजावाचून ते गाणं ऐकून बघा, म्हणजे डेव्हच्या पोटात काय तुटत असेल ते कळेल. अशा वेळी कर्त्याच्या रकान्यात बसत नसलेल्या माणसाचं नाव ध्वनिमुद्रणाच्या श्रेयात ठळक द्यावं आणि ध्वनिमुद्रणाच्या कमाईत त्याचा वाटा ठरवावा. कायदा मागत नसला तरी घरानं ते करावं.

इंग्लंडच्या न्यायालयांनी हा प्रश्न दोनदा दोन तऱ्हांनी सोडवला आहे. स्पँडाऊ बॅले या बँडमध्ये गॅरी केम्प गाणी लिहायचा, त्याचा भाऊ मार्टिन बास वाजवायचा. बँडमधल्या इतर तिघांनी दावा लावला की गाणी घडवण्यात आमचाही हात आहे, आम्हालाही कर्तेपणाच्या कमाईत वाटा द्या. १९९९ साली ते हरले. न्यायालयाला त्यांचं काम तयार गाण्याचं उत्तम सादरीकरण वाटलं, रचना वाटली नाही. मार्टिन दावा लावणाऱ्यांत नव्हता. उलट प्रोकोल हॅरम या बँडच्या १९६७ सालच्या एका गाण्यात ऑर्गनवर जी सुरावट आहे, ती वाजवणाऱ्यानं जवळजवळ चाळीस वर्षांनी दावा लावला आणि २००९ साली तिथल्या सर्वोच्च पातळीवर जिंकला. संगीतात ४० टक्के वाटा त्याला मिळाला. फरक असा की ती सुरावट स्वतंत्र, ओळखू येणारी आणि गाण्याचा कणा होती. हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत. तरी भावंडांनी एकमेकांना विचारायचा प्रश्न त्यांतून नेमका मिळतो: हा तुकडा काढून टाकला आणि दुसऱ्या वादकाला गाणं दिलं, तर तो तेच गाणं वाजवेल की वेगळं? वेगळं होत असेल, तर तुकडा काढणाऱ्याचा चालीत वाटा आहे.

वडीलधाऱ्यांनी कागद सांभाळला की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या बीच बॉइजचं. तीन विल्सन भाऊ आणि त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह. गाण्यांच्या हक्कांची कंपनी विल्सन भावांचे वडील बघायचे. पुष्कळ गाण्यांचे शब्द लिहिण्यात माइकचा वाटा होता, पण नोंदीत एकट्या ब्रायन विल्सनचं नाव राहिलं. १९६९ साली वडिलांनी ती सगळी गाणी सात लाख डॉलरला विकूनही टाकली. माइकनं १९९२ साली दावा लावला आणि १९९४ साली ३५ गाण्यांवर सहकर्ता म्हणून त्याचं नाव लागलं. गाणी साठच्या दशकातली होती. मामेभावाविरुद्ध न्यायालयात उभं राहून मिळवलेलं श्रेय गोड लागत असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे अजय-अतुल हे गोगावले बंधू श्रेय एकत्रच घेतात. ‘जोगवा’च्या संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार असो की ‘सैराट’, दोघांच्या नावात फक्त एक छोटी रेघ. हा रस्ता भावांना शोभतो आणि सोपाही आहे: कुठल्या गाण्यात कुणी किती केलं हे मोजायचंच नाही. पण तो सुरुवातीलाच आणि मोकळ्या मनानं ठरवावा लागतो. एकानं मनात हिशेब ठेवायचा आणि वरवर जोडनाव लावायचं, असं केलं तर पुढं फुटताना जास्त दुखतं. जोडनाव किंवा टोपणनाव घेतलं तरी आत कोण आहे याची नोंद खऱ्या नावांनी करा. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावानं मराठी चित्रपटांना संगीत दिलं, ते पुढं उघड झालं. ज्या टोपणनावामागचा माणूस उघडच होत नाही, त्याच्या कृतीचा प्रताधिकार प्रसिद्धीपासून ६० वर्षं धरला जातो; एरवी तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि संयुक्त कृतीत शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे आज माळवदावर झालेल्या गाण्याचा वाद तुमच्या नातवंडांपर्यंत जाऊ शकतो.

पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही?

आपल्या भागातल्या बँडला एक जादा काळजी घ्यावी लागते. तुळजाभवानीची आराधी गाणी, खंडोबाच्या वाघ्या-मुरळीची पदं, भारुडं, यांचा मोठा ठेवा इथं हाताशी आहे. रॉकच्या गाण्यात संबळ किंवा दिमडी आली की अंगावर काटा येतो, तो यावाच. पण ‘पारंपरिक’ आणि ‘जुनं’ यांत गल्लत करू नका. जी पदं शेकडो वर्षं तोंडी चालत आली त्यांवर कुणाचा प्रताधिकार नाही. तिथं शब्द पारंपरिक असं लिहावं आणि आपण नव्यानं केलं तेवढ्याचंच श्रेय घ्यावं. जत्रेत, जयंतीत वर्षानुवर्षं ऐकली म्हणून लोकगीतं वाटणारी कितीतरी गाणी मात्र ठाऊक असलेल्या कवींची आहेत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेर चालतो. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. अशा गाण्याची ओळ आपल्या गाण्यात घेऊन तिच्यावर दोघा भावांनी हक्काचं भांडण करणं म्हणजे दुसऱ्याच्या रानात आपला बांध घालणं.

आणि एखाद्या म्हाताऱ्या आराधणीकडून पद ऐकलं असेल तर तिचं नाव, गाव लिहून ठेवा. जात्यावरच्या ओव्या गोळा करताना हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हेच केलं. लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांची नावं, गावं नोंदवली. ज्या बायांचं नाव कुठंच लागत नव्हतं त्यांचं नाव कागदावर आलं. गाणं गोळा करणं म्हणजे काय हे मला त्या कामातून कळलं.

इथंच बहिणीची गोष्ट येते आणि ती मला सगळ्यांत जास्त टोचते. माळवदावर शेवट वर नेणारी ती. चाल तिच्यामुळं चाल झाली. पुढं तिचं लग्न होतं, ती लातूरला किंवा गुलबर्ग्याला जाते, आणि बँडच्या गोष्टीतून हळूच गळते. भाऊ वाईट नसतात. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणीनं अंगठा द्यायचा, अशी रीत घरानं पाहिलेली असते, आणि गाण्याच्या बाबतीत तर तिनं अंगठाही द्यायची गरज पडत नाही; तिचं नाव कधी लिहिलेलंच नसतं. बहिणींनो, तुम्ही हक्क दुसऱ्याच्या नावे लिहून दिला असला तरीसुद्धा कृतीवर कर्ता म्हणून आपलं नाव लागावं हा कलम ५७ मधला हक्क तुमच्याकडेच राहतो. आणि दाद मागायची वेळ आलीच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेशीर मदत मिळते. भावांनो, ही वेळ येऊ देऊ नका.

त्याच रात्री लिहायचा कागद

गाणं झालं त्या रात्रीच, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना, एक पान लिहा. स्टुडिओत जायच्या आधी तर नक्कीच. गाणं गाजल्यावर लिहायला बसाल तर प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवेल. ते लबाडीनं होत नाही. आठवणीचा स्वभावच तसा आहे.

पानावर वर गाण्याचं कामचलाऊ नाव, तारीख, जागा. मग शब्द कुणाचे, आणि एकाहून जास्त जणांचे असतील तर किती टक्के. मग चाल कुणाची, किती टक्के. शब्दांची बेरीज शंभर आणि चालीची बेरीज शंभर, दोन्ही वेगळ्या. माळवदावरच्या गाण्यात मी असं लिहीन: शब्द धाकट्याचे, शंभर टक्के. चाल धाकटा चाळीस, थोरला तीस, बहीण तीस. ठेका पारंपरिक, आराध्यांच्या संबळावरून. चुलतभावाला वादक म्हणून श्रेय. तुमची वाटणी वेगळी असेल, अगदी सरसकट सारखी असेल, तरी चालेल. सगळ्यांनी हसतमुखानं सही केली की आकडा बरोबर.

खाली ध्वनिमुद्रणाचा खर्च कोण करणार आणि ते कुणाच्या नावावर राहणार, हे लिहा. प्रत्येकाचं पॅन कार्डावरचं पूर्ण नाव आणि त्यापुढं स्टेजवरचं नाव. कुणी बँड सोडला तर ही गाणी त्याला स्वतंत्रपणे गाता येतील का, आणि बँडचं नाव कुणाकडं राहील, यावर दोन ओळी. सगळ्यांच्या सह्या आणि घराबाहेरचे दोन साक्षीदार. धाकटा अठराच्या आतला असला तरी गाण्याचा कर्ता तोच. पण त्यानं केलेला करार कायद्यात टिकत नाही, म्हणून पालकांची सही घ्या आणि तो अठराचा झाल्यावर पुन्हा एकदा त्याची घ्या.

मोबाइलवरचं पहिलं ध्वनिमुद्रण जपा. पुढं पाठवलेल्या प्रतीपेक्षा मूळ फोनमधली मूळ फाइल मोलाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र द्यावं लागतं. फोन विकून टाकला, फाइल पुसली, की ते अवघड होऊन बसतं. स्वतःलाच पोस्टानं पाकीट पाठवून ठेवायचा सल्ला अजूनही लोक देतात. त्यावर विसंबू नका.

प्रताधिकार नोंदणीवाचूनही मिळतो. तरी जे गाणं गाजेल असं वाटतं त्याची नोंदणी जरूर करा. नवी दिल्लीच्या प्रताधिकार कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५०० आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणीतली माहिती न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणून अर्जात सगळ्या कर्त्यांची नावं आहेत ना, हे प्रत्येकानं स्वतः वाचून बघा.

गाणं जाहीर वाजतं त्याचं मानधन गीतकार-संगीतकारांना गोळा करून देणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, स्थापना १९६९, मुख्यालय मुंबई. तिथं बँडच्या वतीनं एकानं सदस्य होऊन भागत नाही; शब्द आणि चाल करणाऱ्या प्रत्येकानं आपापलं सदस्यत्व घ्यावं आणि गाणं नोंदवताना कागदावरचेच टक्के द्यावेत. एखाद्या चॅनेलवाल्यानं पाच हजार देऊन ‘सगळे हक्क आमचे’ असा कागद पुढं केला तर घाईनं सही करू नका. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-चालीच्या स्वामित्वधनातला समान वाटा कर्त्याला सोडून देता येत नाही. तो फक्त वारसाकडे किंवा अशा संस्थेकडे सोपवता येतो. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

वाद लागलाच असेल तर

आधी इन्स्टाग्रामवर काही लिहू नका. रागानं लिहिलेल्या चार ओळींचे स्क्रीनशॉट लोक जपून ठेवतात, आणि उद्या समेट झाला तरी ते फिरत राहतात.

‘सगळी गाणी माझी’ आणि ‘माझं कधी नावच नाही’ या दोन वाक्यांवर वाटाघाट होत नाही. गाण्यांची यादी करा आणि एकेक गाणं घ्या. दहांतल्या सहा-सात गाण्यांवर मतभेदच नाहीत असं पुष्कळदा निघतं. ती बाजूला काढून त्यांच्या नोंदी लगेच दुरुस्त करा. पाच वर्षं तुंबलेला राग पहिल्या दुरुस्त झालेल्या रकान्याबरोबर उतरायला लागतो. उरलेल्या गाण्यांचं जुनं ध्वनिमुद्रण दोघांनी एकत्र बसून ऐका. त्यात तुमचेच लहान आवाज असतात, हसणं असतं, खालून आईची हाक असते. कागदी पुराव्यानं न हललेली माणसं मी अशा फाइलींपुढं नरमलेली पाहिली आहेत.

न्यायनिवाड्याला आईला बसवू नका. तिला दोन्ही पोरं आपली, ती ‘मिटवा’ एवढंच म्हणणार, आणि मिटवणं म्हणजे पुष्कळदा धाकट्यानं गप्प बसणं. ज्याला सूर कळतो आणि ज्याचा दोघांवरही अधिकार आहे असा बाहेरचा माणूस शोधा: संगीताचे गुरुजी, स्टुडिओतला ध्वनिमुद्रक, जुना वादक. निर्णय होईपर्यंत नोंदीत दोघांचीही नावं ठेवा. मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे वाद नोंदवला गेला की पैसे सहसा अडकून राहतात, हे दोघांनीही ध्यानात घ्यावं.

तरीही नाहीच जमलं तर धाराशिवच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीची चौकशी करा. दावाच लावावा लागला तर मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. प्रताधिकाराच्या कायद्यात दावा करणारा जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जायची सोय कलम ६२ मध्ये मुद्दाम केलेली आहे. उल्लंघनाबद्दलच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळं ‘बघू पुढं’ म्हणत बसू नका. शिक्षेची कलमंही कायद्यात आहेत, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची. भावावर ती लावायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

कागदाच्या तीन प्रती करा. एक घरी, देवघराशेजारच्या पेटीत. एक बँडच्या सामानात, गिटारच्या खोक्यात. आणि तिसरी पौष पौर्णिमेच्या यात्रेला बहीण माहेरी येईल तेव्हा तिच्या हातात द्या, तिच्या घरी न्यायला.